तीन बाटल्यांचे आप्पा

आप्पांना एक बाटली पाणी आणायला सांगितलं की ते तीन आणत. आमच्या चिंचवडच्या ऑफिसात नदीच्या पाण्याचे नमुने गोळा करून आणणं हे त्यांचं काम. माझ्या फॉर्मवर मात्र प्रत्येक ठिकाणासाठी रकाना एकच होता. मी वैतागून विचारलं, तर शांतपणे म्हणाले, “ताई, नदी तितं एक न्हाई. मंग बाटली एक कशी आणू?”

मी मूळची लातूरकडची. वाहत्या नदीशी माझी ओळख झाली ती कॉम्प्युटरवरच. चाकणच्या पुढच्या एका नदीचं मॉडेल मी करत होते. नाल्यातून किती घाण येते आणि पुढे जाता जाता ती किती पातळ होते, हे गणिताने काढायचं. त्यावरून एका गावाच्या पाणीयोजनेचा पंप कुठे बसवायचा ते ठरणार होतं, आणि ते गाव आप्पांचंच होतं. माझ्या मॉडेलमधली नदी म्हणजे एक रुंद, सरळ पाट. तिन्ही बाटल्यांच्या आकड्यांची सरासरी काढून मी रकाना भरला. पंपाची ठरवलेली जागा उत्तम निघाली आणि मी खुशीत चहा मागवला.

आप्पांना रागावता येत नसे, ते चिडवत. सरासरीचं कळल्यावर म्हणाले, “म्हंजे दूध, ताक आन आमटी एका पातेल्यात ओतायची, आन मंग चव सांगायची. व्हय ना?” सगळी प्रयोगशाळा हसली. मला झोंबलं. “मग दाखवा तुमची नदी,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जाताना त्यांनी चाकणला जीप थांबवून पिशवीभर कुरमुरे घेतले. मला वाटलं, न्याहारीची सोय. उन्हाळ्यात खडकांमुळे आणि वाळूच्या बेटांमुळे ती नदी तीन धारांत फुटते आणि बरीच पुढे जाऊन पुन्हा एक होते. “तिपेडी येणीच हाय बगा,” आप्पा म्हणाले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते धारा फुटायच्या जागेच्या जरा वर पाण्यात उतरले आणि या काठापासून त्या काठापर्यंत कुरमुरे टाकत गेले. मधूनच एक मूठ तोंडात. वाहत गेलेले बहुतेक कुरमुरे डाव्या आणि मधल्या धारेत शिरले. उजवीकडे अगदी तुरळक गेले. नाल्याचं काळं पाणी नेमकं त्या उजव्या धारेला मिळत होतं, आणि पंपाची जागाही तिच्याच काठी, जरा खाली. घाण पातळ करायला तिथे पाणीच नव्हतं.

“अहवाल गेला?” आप्पांनी विचारलं.

“सोमवारी जाणार होता.”

“मंग येळ हाय,” असं म्हणून त्यांनी उरलेले कुरमुरे माझ्यापुढे धरले. त्या क्षणी मला ते फार आवडले.

मॉडेलमध्ये तीन धारा घालायला आठवडा गेला. साहेबांनी कुरकुरत मुदत वाढवून घेतली. आप्पा माझ्या खुर्चीमागे स्टूल टाकून बसत आणि पडद्यावर बोट ठेवून सांगत, “ह्या मधलीला येवढं पानी न्हाई, ताई. जरा कमी करा.” प्रत्यक्ष मोजलं की बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघे. शेवटी लांब पाइप टाकून पाणी डाव्या धारेतून उचलायचं ठरलं.

योजना पुरी होईतो आप्पा निवृत्त झाले होते. नळ सुरू व्हायच्या दिवशी त्यांनी मला आग्रहाने गावी बोलावलं. सरपंचांनी तोटी फिरवली आणि पहिला पेला भरून त्यांच्या हातात दिला. आप्पांनी तो उन्हात धरला, हुंगला आणि माझ्यापुढे केला.

“आदी तुमी, ताई. गणित तुमचं हाय.”

सगळं गाव बघत होतं. पाणी गाळून, शुद्ध करून आलेलं आहे हे मला ठाऊक होतं, तरी मीही तो उन्हात धरून पाहिला. माझे आकडे कुणाच्या तरी घशाखाली उतरणार आहेत, हे तोवर मला कधी जाणवलंच नव्हतं. मी पेला एका दमात संपवला. आप्पांनी क्षणभर माझा चेहरा निरखला, मग मागे वळून बायकोला म्हणाले, “भर गं हंडा.”