हौद्याच्या पेटीची एकच किल्ली

बाजारातल्या निम्म्याअधिक दुकानांची शटरं दाजींनी बसवलेली होती आणि उरलेल्यांची कधी ना कधी दुरुस्त केलेली. हाताखाली काम करणारा मेहुणा त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळा बाजारच दाजी म्हणायला लागला. मेहुणा अंगाने असा उंच, की बऱ्याच कामांना त्याला शिडी लागायचीच नाही. त्याला सगळे लांब्या म्हणत. लग्नानंतर थोड्याच दिवसांत बायकोने आपल्या या भावाला दाजींच्या हाताखाली दिलं, तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. आता त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते.

दाजींचा स्वभाव मुळातच संशयी. दुसऱ्यांची दुकानं बंद करून देण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे कुठलीही बंद वस्तू दिसली की ती कशी उघडता येईल हेच त्यांना आधी दिसायचं. पाहुण्यांकडे गेले तरी चहा येईपर्यंत दाराची कडी वरखाली करून बघायचे. बायको डोळ्यांनी दटावायची. एवढा संशयी माणूस, पण स्वतःच्या पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यावर नुसती ताडपत्री. खाली सगळी हत्यारं मोकळी पडलेली. अख्खा बाजार आपल्याला ओळखतो, आपल्या गाडीला कोण हात लावणार, अशी त्यांची समजूत.

तर आधी ग्राइंडर गेलं.

एका कापडदुकानाचं शटर अडकलं होतं. दोघं आतबाहेर करत काम उरकत होते, गाडी दारात. बाहेर येऊन बघतात तर ग्राइंडर नाही. दाजींनी दिवसभर बाजार डोक्यावर घेतला. पानवाल्यापासून सायकलवाल्यापर्यंत एकेकाच्या तोंडाकडे असं बघितलं की लोकांनी नमस्कार करणं सोडलं. नवीन ग्राइंडर आणलं. मग काही आठवड्यांनी ड्रिल मशीन गेलं. मग वायरचा बोर्ड.

बोर्ड गेला त्या दिवशी दाजी हौद्यापाशी वाकले. त्यांचं लक्ष गाठीवर होतं. ताडपत्रीचा दोर बांधायची त्यांची एक पद्धत होती. हुकाला दोन वेढे, टोक खालून काढायचं आणि उलट्या बाजूने खोचायचं. आत्ता समोर तीच गाठ होती, जशीच्या तशी. चोर घाईत असतो. तो गाठ सोडतो, नाहीतर सरळ कापतो. पुन्हा नीट बांधून कोण जातं? आणि ही गाठ बाजारात दोघांनाच यायची. एक ते स्वतः. दुसऱ्याला त्यांनीच शिकवली होती.

मनात पाल चुकचुकली ती कायमचीच.

त्यानंतर लांब्याचं सगळंच त्यांना वेगळं दिसायला लागलं. फोन आला की हा बाजूला का जातो? दुपारी "जरा जाऊन येतो" म्हणतो, ते कुठे? आणि ड्रिल गेलं तेव्हा याचा जीव हळहळला कसा नाही? उलट म्हणाला, "जाऊ द्या दाजी, जुनंच होतं. नवीन घेऊ." रात्री जेवताना बायकोही तेच म्हणाली, "जुनंच तर होतं." दोघा बहीणभावांच्या तोंडी एकच वाक्य. कुठेतरी पाणी मुरतंय, हे दाजींच्या मनाने घेतलं.

बोलले मात्र कुणालाच नाहीत. हौद्यात पक्की पेटी बसवायची ठरवली आणि "शटरच्या स्प्रिंगा बघून येतो" असं सांगून एकटेच निघाले.

पहिलं दुकान गाड्यांच्या सामानाचं. चकचकीत ॲल्युमिनियमच्या पेट्या ओळीने मांडलेल्या. केबिनच्या मागे हौद्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत आडवी बसणारी एक पेटी विक्रेत्याने पुढे केली.

"वजनाला हलकी, गंजायची भानगड नाही. पावसाचा थेंब आत जाणार नाही, रबर बघा."

दाजींनी रबर बघितलं नाही. ते पेटीच्या मागे गेले, वाकले आणि बिजागऱ्यांवर बोट ठेवलं. "या खिळी बाहेरून आहेत. हातोडीने वर ठोकल्या की झाकण मागून उघडलं. तुमचं कुलूप पुढे राखण करत बसेल."

"एवढं कोण करतं हो?"

"ज्याला करायचंय तो करतो. त्या शेजारच्या पेटीची किल्ली द्या बरं."

विक्रेत्याने हसत हसत दिली. दाजींनी ती या पेटीला लावली. कुलूप विनातक्रार उघडलं. विक्रेत्याचं हसू तिथेच विरलं. दाजींना मात्र मनातून बरं वाटलं. आपण वेडे नाही, जगच तसं आहे, याचा पुरावा हातात आल्यासारखं.

दुसऱ्या दुकानात जाड प्लास्टिकच्या पेट्या होत्या. हत्तीने पाय दिला तरी मोडणार नाही, असं दुकानदार म्हणाला. दाजींनी हत्तीची वाट न बघता झाकणाच्या एका कोपऱ्याखाली बोटं घालून जोर लावला. कुलूप मधोमध होतं, कोपरा मोकळा. हात आत जाईल एवढी फट पडली. शिवाय पेटी हौद्याला धरून ठेवणाऱ्या बोल्टांची डोकी बाहेर. पाना असला की अख्खी पेटीच उचलून न्यायची, उघडायचे कष्टही नकोत. दुकानदाराने पेटी पुसायला घेतली आणि दाजींकडे पाठ केली.

शेवटी ते नदीकाठच्या रस्त्यावर एका वेल्डिंगच्या शेडमध्ये गेले. तिथे पन्नाशीची एक बाई मापाप्रमाणे पेट्या बनवून द्यायची. तोंडावरची काच वर सारून तिने आधी गाडी बघितली. मग शटरच्या पट्ट्या पडलेल्या हौद्यात चढली, मागचं फाळकं उघडलं, बंद केलं.

"पेटीत काय ठेवणार?"

दाजी घुटमळले. हे हिला कशाला हवंय? "हत्यारं," ते म्हणाले.

"हत्यारं म्हणजे? जड खाली, हलकी वर. माहीत असलं तर कप्पे तसे करते. आणि लांब पट्ट्या नेता ना शटरच्या? मग केबिनमागे आडवी पेटी घेऊ नका, लांबी जाईल. दोन्ही कडांना दोन बुटक्या पेट्या करू, मधली जागा मोकळी."

मुद्दा बरोबर होता, आणि म्हणूनच दाजी आणखी सावध झाले. बिजागऱ्या कुठे? आतून. बोल्ट? पेटीच्या आतून खाली, थेट चासीला. पेटी उघडल्याशिवाय हात लागणार नाही. कुलूप? पत्र्याच्या खोबणीत, करवत जाणार नाही असं. झाकण? काठावरून खाली वळलेलं, पहार घालायला फट नाही. दाजी विचारत गेले, ती सांगत गेली. रंग गाडीचाच द्या म्हणाली. चमकणारी पेटी दिसली की आत काहीतरी आहे हे लांबून कळतं.

मग तिने विचारलं, "गाडीवर माणसं किती?"

"दोन."

"मग दोन किल्ल्या लागतील."

"एक."

तिने काच पुन्हा खाली घ्यायला धरलेला हात तसाच ठेवला. "कुलूप तुमचं तुम्ही आणा," ती म्हणाली, "म्हणजे माझ्यावर तरी संशय नको. रस्त्यावरच्या चोराला पुरेल अशी पेटी मी करून देते. घरातल्या माणसाचं मला काही सांगता येत नाही."

दाजींचे कान तापले. आपण तर काहीच बोललो नव्हतो.

पेट्या झाल्या, बसल्या. दोन्हींना एकच किल्ली लागेल अशी कुलुपांची जोडी दाजींनी दुसऱ्या गावाहून आणली. जास्तीच्या किल्ल्यांचे दात ग्राइंडरवर घासून सपाट केले आणि उरलेली किल्ली करगोट्यासारखी कमरेच्या दोरीला बांधली. लांब्याने पेट्या बघितल्या, झाकणावरून हात फिरवला. "काम चांगलं झालंय," एवढंच म्हणाला. किल्लीचं विचारलं नाही. विचारलं नाही याचाही दाजींनी अर्थ लावला.

त्या दिवसापासून लांब्याला साधा स्क्रू ड्रायव्हर हवा असला तरी "दाजी, जरा पेटी" म्हणावं लागायचं. दाजी शिडीवरून उतरायचे, कमरेची दोरी सोडायचे, उघडायचे, पुन्हा लावायचे. काम रेंगाळायला लागलं. कापडवाला एकदा हसून म्हणाला, "काय लांब्या, मालकांनी कोठार बंद केलं वाटतं?" लांब्या हसला नाही.

पण चोऱ्या थांबल्या. दाजींच्या लेखी तो पुरावाच. तरी नुसत्या तर्कावर त्यांचं समाधान होईना. एका दुपारी त्यांनी वेल्डिंगचा जुना, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेला होल्डर पेटीबाहेर, ताडपत्रीखाली मुद्दाम विसरल्यासारखा ठेवला. "मागच्या गल्लीत माप घेऊन येतो," म्हणून निघाले आणि समोरच्या शिंप्याच्या माडीवर खिडकीत जाऊन उभे राहिले. शिंप्याने काही विचारायच्या आत त्याला हाताने गप्प केलं.

फार वेळ लागला नाही. लांब्या दुकानातून बाहेर आला. ताडपत्री सोडली, होल्डर उचलला, उलटसुलट करून बघितला. पोत्यात गुंडाळून आपल्या स्कूटरच्या पायाशी ठेवला. मग तीच ती गाठ, सावकाश, नीट बांधली आणि निघाला.

दाजींना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खाली उतरून त्यांनी रिक्षा केली आणि स्कूटरमागे सोडली. भंगारवाल्याची गल्ली आली. स्कूटर तिकडे वळली नाही. लांब्याचं घर आलं. तिथेही थांबली नाही. ती थांबली दाजींच्याच दारात. बायकोने दार उघडलं आणि दुधाची पिशवी घ्यावी तितक्या सहज ते पोतं हातात घेतलं.

दाजी रिक्षातून उतरले. इतके दिवस एकावर संशय होता. आता तर घरच्या घरात दोघं.

ते आत गेले तेव्हा दिवाणाची फळी वर होती. खालच्या कप्प्यात जुन्या चादरीवर सगळं मांडून ठेवलेलं. ग्राइंडर, ड्रिल, वायरचा बोर्ड. एकही वस्तू विकलेली नव्हती.

"हे काय आहे?" दाजींनी विचारलं.

"तुमचं सामान," बायको म्हणाली. ती दचकली, पण फळी खाली केली नाही.

"ते दिसतंय मला. इथे कसं?"

"मागच्या वर्षी तुम्ही शिडीवरून पडलात, तेव्हा मला काय सांगितलंत?"

"पाय घसरला."

"पाय घसरला," बायकोने त्यांचाच शब्द त्यांना परत दिला. "हा तिथे होता ना. ड्रिलचा शॉक बसला होता तुम्हाला. हात सुटत नव्हता. याने फळीने मशीन उडवलं म्हणून पडलात, नाहीतर तिथेच चिकटून राहिला असता. आणि घरी येऊन म्हणे पाय घसरला. दुसऱ्या दिवशी तेच ड्रिल घेऊन पुन्हा कामाला."

दाजींनी लांब्याकडे बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता, मान खाली.

"किती वेळा सांगितलं, दाजी," तो म्हणाला. "ग्राइंडरला गार्ड नाही, बोर्डाची वायर उघडी आहे. तुम्ही चिकटपट्टी गुंडाळायचात आणि म्हणायचात, चालतंय. चोरीला गेलं की मात्र दुसऱ्या दिवशी नवीन आणायचात. माझ्या सांगण्यावरून आणलं असतंत?"

आणलं नसतं. हे दाजींनाही ठाऊक होतं. तरी तोंडातून निघालंच, "म्हणजे गाठ बघून मी ओळखलं ते बरोबरच होतं. तूच घेत होतास."

"मीच घेत होतो. पण तुम्हाला ते माहीत नव्हतं. तुम्ही नुसतं धरून चालला होतात." लांब्याचा आवाज चढला नाही. "एवढ्या दिवसांत एकदा समोर बसवून विचारायचं होतं, लांब्या, तू घेतलंस का? मी हो म्हणालो असतो. तुम्ही पेटी आणलीत. अख्ख्या बाजारासमोर मला स्क्रू ड्रायव्हरसाठी हात पसरायला लावलात."

"तू तरी मला न सांगताच नेलंस ना?"

"नेलं. चुकलंच ते." असं म्हणून त्याने स्कूटरची किल्ली उचलली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

शटरचं काम एकट्याचं नव्हे. एकाने वर स्प्रिंग ताणायची, दुसऱ्याने खाली पट्टी धरायची. दाजींनी दोन-तीन जणांना बरोबर नेऊन बघितलं. एकाचंही लक्ष नसायचं आणि प्रत्येकाकडे दाजींचंच लक्ष. घरात बायको वाढायची, बोलायची नाही. आपलं खरं ठरलं, तरी घर असं का झालंय, हे दाजींना कळेना.

एका सकाळी त्यांनी दिवाण उघडला, जुनं ड्रिल काढलं, प्लगमध्ये घातलं आणि बॉडीला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लख्ख पेटला. दाजींनी बटण बंद केलं. मग सगळ्या मशीनच्या वायरी मुळापासून कापल्या, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊन घात व्हायला नको, आणि ती मशीनं स्वतः नेऊन भंगारात टाकली.

तिथून ते सरळ लांब्याच्या घरी गेले. तो ओट्यावर दाढी करत होता. त्याने त्यांना बसा म्हटलं आणि दाढी अर्धी न सोडता सावकाश पुरी केली. दाजी तेवढा वेळ बसून राहिले.

"तुला विचारायला पाहिजे होतं मी," ते शेवटी म्हणाले.

"पाहिजे होतं," लांब्या टॉवेलने गाल टिपत म्हणाला. "मीही सांगायला पाहिजे होतं. आज कुठलं काम आहे?"

आता कामाच्या वेळात दोन्ही पेट्यांची कुलुपं नुसती अडकवलेली असतात. दाजींचा स्वभाव काही पालटला नाही. हॉटेलात बसले तरी गाडी दिसेल असंच टेबल धरतात. एवढंच, की मनात काही आलं की आता ते समोरच्याला सरळ विचारून मोकळे होतात. "काय गं, लांब्याशी फोनवर एवढं काय बोलत होतीस?" असं परवा त्यांनी बायकोला विचारलं आणि उत्तर ऐकून, बरं म्हणून, निवांत झोपी गेले. बायको मात्र कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. हे एवढ्यावर समाधान मानतात म्हणजे यांच्या मनात नक्की काय शिजतंय, याचाच तिला संशय.