नसरीनचा अंगठा

नसरीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका लग्नात माइक हातात घेऊन नवरदेवाची टर उडवत होते. मंडप खदखदत होता. फोन ठेवला, माइक पुन्हा तोंडाशी नेला आणि... काहीच बोलता आलं नाही. मला गप्प झालेलं आमच्या वसमत गावाने पहिल्यांदाच पाहिलं. नसरीन असती तर म्हणाली असती, "सुमे, तुला गप करायला माणसानं मरावं लागतं का?"

ती माझी शाळेपासूनची मैत्रीण, हळदीच्या व्यापाऱ्याची लेक. त्यांच्या घरात लेकरू चालायला लागलं की अंगठ्याने हळकुंड मोडायला शिकतं. कट् वाजलं की माल वाळलेला. तिच्याशी पंजा लढवायला वर्गातली पोरं कचरायची. पुढे ती पुण्याला संशोधनाला गेली. पेशीतली गुणसूत्रं का तुटतात आणि पुन्हा कशी सांधली जातात, हा तिचा विषय. "म्हणजे तू आत बसून भांडणं मिटवतेस?" मी विचारायची. "व्हय. तुझ्यासारखी लावत न्हाई."

हळदीवर मारतात त्या एका औषधाने मुळांतली गुणसूत्रं तुटतात, असं तिने दाखवलं. लेख छापून आला, पक्क्या नोकरीची मुलाखत ठरली. गावभर डंका मीच पिटला! मग तिची विद्यार्थिनी आजारी पडली आणि तुलनेसाठी ठेवलेली, औषध न लावलेली मुळंही नसरीनलाच तपासावी लागली. मुळाचं टोक काचेवर ठेवायचं, वर पातळ काच, त्यावर टिपकागद, आणि अंगठ्याने दाबायचं. त्या साध्या मुळांतही गुणसूत्रं तुटलेली निघाली. आजवर औषधाची मुळं मोलाची म्हणून नसरीन स्वतः दाबायची आणि साधी मुळं ती हलक्या हाताची विद्यार्थिनी. तोडणारं औषध होतं की हळकुंडं मोडणारा अंगठा, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

मुलाखतीच्या आधीच तिने लेख मागे घेतला. हाताशी आलेली नोकरी गेली. ती घरी आली तेव्हा तिचे थोरले भाऊ रशीदभाई तडकले, "काहून सांगितलं? कोण बघायला येऊन राहिलं होतं?"

"मी बघून राहिले होते ना, भाई."

मग ती इथल्याच कॉलेजात तासांवर शिकवू लागली. दुकानाच्या माडीवर जुना सूक्ष्मदर्शक मांडून तोच प्रयोग पुन्हा सुरू केला. आता सगळी मुळं एकाच हाताने, जपून. पस्तावलीस का, मी एकदा विचारलं. "नोकरीचं न्हाई गं," ती म्हणाली. "पण औषधवाला सांगत फिरतो, तुमच्याच बाईंनी माघार घेतली, बिनघोर मारा. ते खरंच तोडत असंल तर...?"

उत्तर हाती येण्याआधीच तिचं हृदय थांबलं.

चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाल्यावर भाईंनी मला माडीवर नेलं. सूक्ष्मदर्शकाखाली तिने शेवटची लावलेली काच तशीच होती. मी वाकले. डोळ्यांना लावायच्या दोन्ही नळ्या तिच्या डोळ्यांच्या अंतरावर बसवलेल्या. मला दोन वेगळी वर्तुळं दिसली, एकमेकांत न मिसळणारी, आणि त्यांत काड्यांसारखं काहीतरी. नळ्या जराशा सरकवल्या असत्या तर वर्तुळ एक झालं असतं. पण तिच्या डोळ्यांचं ते माप मला मोडायचं नव्हतं.

"तुटलंय का गं, सुमन?" भाईंनी दारातूनच विचारलं.

"कळत न्हाई, भाई."

"बराबर बघ."

मी बराबरच बघत होते.