खालाचं उखळ

आयुष्यात मी जो जो मूर्खपणा केला, त्यात डबाभर तिखटाचा नंबर पहिला. एका बाईनं मला तिच्या अंगणात मिरची कांडायला बोलावलं, आणि मी तिला दारव्ह्याच्या गिरणीतून दळून आणवलेलं तयार तिखट नेऊन दिलं. वर ऐटीत म्हटलं, "खाला, आता कुणाला बोलावू नका. अख्ख्या आळीला पुरेल एवढं आहे."

तिनं झाकण उघडलं, वास घेतला, एक दणदणीत शिंक दिली आणि म्हणाली, "इंजिनाचं तिखट होय हे. याच्यानं कोणाच्या डोयाले पाणी येते व?"

"येतं ना! भाजीत घालून तर बघा," मी म्हणाले.

हसू नका. तेव्हा मी विशीतली होते, मॅट्रिक होते, आणि बोरी अरबात माझ्याइतकी शहाणी बाई दुसरी नाही याबद्दल माझी पक्की खात्री होती. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्याच वर्षी लग्न होऊन मी नाशकाकडून तिथं आले. यजमान शाळामास्तर, म्हणून मी आपोआप मास्तरीणबाई. शिकवलं मी कुणालाच नाही, पण चेहरा कायम छडी हातात असल्यासारखा.

सगळ्या आळीची खाला, म्हणजे मावशी, आमच्या शेजारी राहायची. बांगड्या भरणं हा तिचा धंदा. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील, पण हिची तऱ्हा वेगळी. समोर मांडी घालून बसायची, तुमचा हात उचलून आपल्या मांडीवर घ्यायची, अंगठा आत दुमडायची आणि बोटांची मुळं दाबत म्हणायची, "ढिला सोड. ढिला." बांगडी चढली तरी हात लगेच सोडायची नाही. आमच्या काळी नवऱ्यानं हात धरायचा तो लग्नात, भटजींच्या देखत. त्यानंतर आपला हात एवढा वेळ धरून बसणारं माणूस म्हणजे खालाच. हात धरला की विचारायची, "मंग?" तुम्ही काही सांगितलं की, "हं. अजून?" आणि त्या "अजून"पुढे भल्याभल्या बायका घरातलं सगळं ओकून मोकळ्या व्हायच्या.

ती काही संतीण नव्हती बरं का. दारव्ह्याच्या बाजारातली बांगडीसुद्धा 'अस्सल फिरोजाबाद' म्हणून गळ्यात मारायची. पान खाऊन माझ्या सारवलेल्या ओट्यापाशी पिचकारी टाकायची. कोणाच्या घरी काय शिजलं आणि काय करपलं, हे वाटेतल्या प्रत्येक घरी सांगत जायची. फक्त एक गोष्ट मी पुढे पाहिली. तिच्या अंगणातल्या उखळापाशी जे बोललं जाई, ते तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही.

माझ्या ओटीभरणाला ती हिरव्या बांगड्या घेऊन आली. हात मांडीवर घेतला आणि हळूच विचारलं, "भेव लागून राह्यलं काय?"

"छे! मी मॅट्रिक आहे," मी म्हणाले.

"असं काय," ती म्हणाली. "म्या तं अजून कोण्या मॅट्रिकवालीचं लेकरू सर्टिफिकीट घेऊन बाहीर येताना पाह्यलं नाही."

मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. सासूबाई अमरावतीहून आल्या. मुलगा झाला. शाळेत पेढे वाटले, आळीत साखर वाटली. आणि मी त्या मुलाकडे पाहायची ते स्टेशनवर कुणी सामान सांभाळायला देऊन जावं तसं. धनी कधी येतो आणि घेऊन जातो, याची वाट पाहत. रडला की घ्यायचं, पाजायचं, ठेवायचं. माया यायला हवी होती, ती कुठे अडकली होती कोण जाणे. दिवस उजाडला की मला वाटायचं, पुन्हा उजाडलं का? रडायचीही सोय नव्हती. बाळंतीण रडली की दूध आटतं, असं सासूबाई म्हणायच्या. मग कुणी विचारलं, "काय मास्तरीणबाई, करमते ना लेकरासंगं?" की मी म्हणायची, "छान चाललंय." ते 'छान' मी इतक्यांदा म्हटलं की माझं मलाच त्याचं हसू यायचं. पण बाहेर येताना तेही वाटेत अडकायचं.

सवा महिना उलटला आणि खालाचा निरोप आला, मिरची कांडायला ये. तिच्या अंगणात दगडी उखळ होतं, आळीतलं सगळं कांडण तिथंच व्हायचं. दोन घरं सोडून सुताराची सून राहायची, तीही नुकतीच बाळंत झालेली. ती तिथून डोळे लाल करून आणि पदरात तोंड लपवून हसत येताना मी खिडकीतून पाहायची. मनात म्हणायची, काय अडाणी बायका! गिरणी असताना कशाला हा छळ? म्हणून तो तिखटाचा डबा. आळीत आधुनिक युग आणायला निघाले होते मी.

इकडे सासूबाईंचं सारं लक्ष माझ्याकडे होतं. एक दिवस त्या यजमानांना म्हणाल्या, "सूनबाईचं मन नाही लेकरात. मी त्याले अमरावतीले नेतो. तुह्या बहिणीच्या मांडीवर देतो. तिची कूस काही उजवली नाही, ती जिवापाड करन."

यजमान पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले. सासूबाईंनी मला विचारलं. मी म्हणाले, "न्या."

म्हणाले आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. त्या हलकेपणाचीच मग मला भीती वाटायला लागली. नणंद मायेची होती. एकदा तिच्या अंगाखांद्यावर रुळलेलं मूल परत कोण मागणार, आणि कुठल्या तोंडानं? हे मला कळत होतं. तरी मी त्याचे लंगोट धुऊन, घड्या घालून ट्रंकेत ठेवत होते.

खाला आली ती एखादी बांगडी वाढली-फुटली का पाहायला म्हणून. माझा हात मांडीवर घेतला, दाबला. या खेपेला "ढिला सोड" म्हणालीच नाही. "हात नाही व हा," ती म्हणाली, "बाभयीचं लाकूड होय." आणि सासूबाईंकडे वळली. "माय, मास्तरीणबाईले घडीभर पाठवा जी माह्या इकडे. मिरची घातली उखयात. लेकरू मात्र नोका आणू, ठसका लागन त्याले."

"मंग लेकरू कोण पाहीन? मले पोथी वाचाची हाय."

"मास्तर हायेत ना."

"बाप्या माणसाजवळ लेकरू?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"त्यायचंच होय ना जी? का अजून कोणाचं होय?"

सासूबाईंना राग आला की हसू, त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. तेवढ्यात खाला मला घेऊन निघालीसुद्धा.

अंगणात सुताराची सून मुसळ हाणत होती. तिच्याबरोबर तेल्याची लेक, पहिलटकरीण, पोट सांभाळत सुपात पाखडत बसलेली. कुणी माझ्याकडे फारसं पाहिलं नाही. सुताराची सून डोळे पुसत बोलत होती, "मले तं वाटते, हे रडकं पोट्टं उचलावं अन् कोंबडीवालीच्या टोपल्यात टाकून द्यावं."

"अन् मंग?" खाला.

"मंग टोपल्यामांगं मीच पयन ना व!"

सगळ्या खदखदून हसल्या. माझ्या मनातला सगळ्यांत काळा विचार ही बाई भर दुपारी, मुसळाच्या तालावर, हसत हसत बोलत होती आणि आभाळ कोसळलं नव्हतं.

माझ्या हातात मुसळ आलं. चार घाव घातले आणि डोळ्यांतून पाणी सुरू झालं. थांबेचना. "मला त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही," मी म्हणाले. कुणी कांडण थांबवलं नाही, कुणी "असं बोलू नये बाई" म्हटलं नाही.

"हं," खाला म्हणाली. "अजून?"

"मी त्याला अमरावतीला पाठवतेय."

"तुले पाठवाचं हाय, का तुले झोप पाह्यजे?"

मी विचार करायला लागले. खरं सांगते, त्या दोहोंतला फरकच मला कळेना. मॅट्रिकला हा प्रश्न नव्हता.

नाक शिंकरायला मी खाली वाकले तेव्हा उखळात नजर गेली. आत धने होते! नावाला पाचसहा मिरच्या, बाकी सगळे धने. धन्यांनी कधी कुणाच्या डोळ्यांना पाणी आलंय? मी खालाकडे पाहिलं. ती पान जुळवत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "यंदाची मिरची लय तिखट निंगाली." तेव्हा कुठे माझा डबाभर तयार तिखट तिला का नको होतं, याचा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मग तिनं मला लिंबाखालच्या बाजेवर निजवलं. मी अशी झोपले की, यजमान लेकराला घेऊन गल्लीत आले तेव्हा त्या रडण्यानंच जाग आली. पोरगं भुकेनं लालबुंद, आणि मास्तर काठोकाठ भरलेली घागर धरावी तसं त्याला धरून उभे. "हा माझं ऐकतच नाही! बेचे पाढे म्हणून झाले, तिनाचे झाले..."

खालानं त्यांचा हात कोपरापाशी धरला. परक्या पुरुषाचा, भर अंगणात! "मास्तर, ढिला सोडा जी. काच नाही थो, फुटत नाही."

यजमानांचे खांदे खाली आले. लेकरू थोडं शांत झालं. घरी जाताना ते मला म्हणाले, "मी आजवर त्याला उचललाच नव्हता गं. पडेल म्हणून भीती. आणि तुला विचारायचीही भीतीच." दोन घाबरट माणसं एका घरात राहून एकमेकांना 'छान चाललंय' सांगत होतो!

पण ट्रंक भरलेलीच होती आणि अमरावतीला सांगावा गेला होता. त्या आठवड्यात मी रोज उखळापाशी गेले आणि रोज दुपारी यजमान लेकराला पाढे ऐकवत राहिले. माया-बिया काही उसळून आली नाही. पण झोप झालेल्या डोक्यानं एवढं मात्र कळलं, की मला पाठवायचं नव्हतं.

हे कळायला मी मुहूर्त कोणता काढला? सासूबाई मोटारीत खिडकीशी बसल्या, लेकरू त्यांच्या मांडीवर, ड्रायव्हरनं हँडल मारून इंजिन सुरू केलं, तो! मी पायरीवर चढले.

"आई, बाळ द्या."

"अवं, पण तूच म्हटलं ना, न्या म्हणून?"

"म्हटलं होतं. आता नको म्हणते."

"बाई, आत बसा नाही तं उतरा," कंडक्टर ओरडला.

"लेकरू घेतल्याशिवाय उतरणार नाही!" मी त्याच्याहून मोठ्यांदा ओरडले. आख्खी मोटार मागे वळली. एक फेटेवाले आजोबा म्हणाले, "द्या जी माय, तिचंच होय ते." खालून यजमानांनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते आईसमोर उंच आवाजात बोलले, "आई, दे. आम्ही दोघं पाहू."

सासूबाईंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग लेकरू माझ्या हातात दिलं, आणि आपल्या खांद्यावरचं दुपटं काढून त्याच्यावर टाकलं. "उन्हाचं झाक त्याले," एवढंच म्हणाल्या. मोटार सुटली. मी लढाई जिंकल्यासारखी गावातून चालत आले, मागून रिकामे हात हलवत मास्तर.

पुढे आमची बदली झाली. खाला म्हातारपणी पुसदला लेकाकडे गेली आणि तिकडेच वारली. एकदा बोरीला गेले होते. अंगणात आता दुसऱ्यांचं घर आहे, उखळ अर्धं मातीत गेलंय आणि चिमण्या त्यातलं पाणी पितात. तिनं किती जणींना तिथं बोलावलं, कोण सांगणार? ज्या रडल्या त्या बोलायच्या नाहीत, आणि ती तर नाहीच नाही.

त्या दिवशी मोटारीवरून मी थेट तिच्याकडे गेले. ती ओट्यावर बांगड्या दोऱ्यात ओवून त्यांचे तोडे बांधत होती. माझ्या काखेतलं लेकरू पाहून तिनं दोन्ही हात वर केले आणि शेजारच्या कोंबड्या पळतील अशी आरोळी ठोकली. मी हसत तिच्याजवळ बसले. आणि बसल्याबरोबर माझी ऐट गळाली. म्हटलं, "खाला, आणला खरा. पण खोटं कशाला बोलू? अजून तो मला आवडत नाही हो."

ती लेकराकडे पाहत राहिली. ते आंबट तोंड करून माझ्याकडे बघत होतं.

"मंग त्याले तरी तू कुठी आवडून राह्यली अजून? होऊ दे ना व दोघायची ओळख."