गोटा टायर आणि दाजींची काड्यापेटी

दाजी गेल्याचा फोन कुपवाडच्या आमच्या कारखान्यात आला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होतो. छातीत कळ आली आणि पाचगणीच्या शाळेच्या फाटकाशी, खुर्चीतच गेले, एवढंच पलीकडचा माणूस बोलला. फाटकाशी... तो शब्द ऐकून मला शिसारी आली. ज्या माणसानं वर्षानुवर्षं शाळेची पोरं घाटातून सुखरूप वरखाली नेली, त्याला शेवटी फाटकावर बसवलं होतं, आणि का बसवलं होतं ते मला माहीत होतं. महिना उलटला तरी ती शिसारी जात नाही, म्हणून लिहितोय.

दाजी म्हणजे आमच्या आक्काचे यजमान. मूळचे जत भागातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. एरवी बोलणं कमी, पण टायरचा विषय निघाला की थांबायचे नाहीत. खिशात कायम काड्यापेटी. विडीला कधी शिवले नाहीत. काडी असायची टायर मापायला. गुलाचं टोक खाली करून ती टायरच्या खाचेत उभी करायची. गूल खाचेत बुडाला तर टायर चालेल, वर दिसला तर बाद. रोज सकाळी, चारही चाकांना. लग्नानंतर पहिली दोन वर्षं आक्का त्यांचे शर्ट हुंगून बघायची, हे तेच हसत सांगायचे.

शाळेची गाडी ना धड जीप, ना धड मोटार, अशी लांबडी होती. एकदा तिचे टायर घ्यायला ते सांगलीला आले आणि मला घेऊन सगळा बाजार पालथा घातला. दुकानदार जाड, मोठ्या नक्षीचे टायर पुढं करत होता. मलाही तेच रुबाबदार वाटले. दाजी म्हणाले, "पाव्हणं, गाडी काय नांगरटीत घालायची न्हाई. हे दिसायला पैलवान, पर ओल्या डांबरावर पाय घसरतोय ह्यांचा." मग जवळजवळ खाचांचे, पाणी बाजूला काढणारे टायर त्यांनी निवडले. अंगठ्यानं दाबून बघितले, वास घेतला, भरल्या गाडीचं वजन पेलतील का ते दहादा विचारलं. दुकानदार कावला, आणि मी तोवर दोनदा चहा पिऊन आलो.

ते टायर झिजल्यावर मात्र शाळेच्या साहेबांनी परस्परच दुसरे बसवून आणले. काळेभोर, चकचकीत. दाजींनी काडी घातली, गूल छान बुडाला. तरी त्यांनी खाच फाकवून बघितली, तर तळाशी टायरच्या आतले दोरे उघडे. झिजून गुळगुळीत गोटा झालेल्या टायरवर गरम पात्यानं नव्या खाचा कोरायच्या आणि वर काळा रंग फासायचा, हा धंदा आमच्याकडं चालतो. "साहेब, ह्यावर मी पोरं न्हेणार न्हाई," दाजी म्हणाले. साहेबांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला आणि ह्यांना फाटक दिलं. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "दाजी, चालवा की गप. गाडी त्यांची, टायर त्यांचे, तुमचं काय जातंय?" "आन् पोरं कुणाची, पाव्हणं?" त्या माझ्या बोलण्याची आज मला किळस येते.

दहाव्यानंतर शाळेत शोकसभा झाली. साहेब उठून बोलले... मुलांच्या सुरक्षेसाठी झटणारा कर्तव्यदक्ष माणूस, वगैरे. आक्का पदर तोंडाला लावून खाली बघत होती. शाळेनं दिलेली दाजींच्या कपड्यांची पिशवी घेऊन मी बाहेर पडलो. बाहेर तीच गाडी, तेच टायर. सुट्टीला निघालेली पोरं ट्रंका घेऊन रांगेत उभी, वर पाऊस भुरभुरतोय. मी पिशवीतल्या शर्टाचा खिसा चाचपला. काड्यापेटी होती. एक काडी घेतली, वाल्वमध्ये दाबली आणि चारही चाकांची हवा सोडून दिली. नवा ड्रायव्हर बघत होता. त्यानं तोंड फिरवलं. पोरांना न्यायला आलेले दोघेतिघे पालक धावत आले, त्यांना वाकवून खाचांतले दोरे दाखवले. तेवढ्यात साहेब आले आणि म्हणाले, "हे आम्ही बदलणारच होतो." थू असल्या जिण्यावर! पण सगळ्यांसमोर त्यांना नवे टायर कबूल करावे लागले, आणि त्या दिवशी पोरं एसटीनं वाईला उतरली.

आम्हीही त्याच एसटीत होतो. आक्कानं माझी काळी झालेली बोटं बघितली. मी काड्यापेटी तिच्यापुढं धरली, तर तिनं माझा हात मागं सारला.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," ती म्हणाली. "चूल पेटवायला घरात दुसरी हाय."