सोडलेलं घर

पाणीकाकांना पाणीकाका म्हणायचं कारण अगदी साधं होतं. ते जलरंगात निसर्गचित्रं काढायचे, आणि चित्र कसं जमलं विचारलं की म्हणायचे, "मी कुठे काढलं? पाण्याने काढलं. मी आपला राखणीला बसलो होतो." आणि खरंच बसायचे हो! सकाळी टेकडीवर जायचं, कागद भिजवायचा, रंगाचा एक हात फिरवायचा आणि मग मांडीवर हात ठेवून रंग कुठे कुठे पळतोय ते बघत राहायचं. मध्येच कुत्रं आलं तर हाकलायचं. याला काम म्हणतात हे पटायला त्यांच्या बायकोला, म्हणजे गावच्या काकूंना, अर्धा संसार लागला.

काकांचे नियम दोन. चित्रात माणूस घ्यायचा नाही, हा पहिला. "माणसं हलतात," असं त्यांचं म्हणणं. काकूंचं म्हणणं, "अख्खं गाव काढता आणि त्यात चिटपाखरू नाही. सगळे मेलेत की काय?" दुसरा नियम त्याहून कडक, पांढरा रंग घरात आणायचा नाही. जे पांढरं दिसायला हवं तिथे कागद कोरा ठेवायचा. याला काका 'सोडणं' म्हणायचे. ढग सोडायचा, नदीवरची चमक सोडायची. रंगवेल कुणीही, सोडायला छाती लागते, असं ते जेवतानाही ऐकवायचे. भाजी करपली असली की काकू म्हणायच्या, "मग आज ही सोडा."

आता गंमत बघा. गावच्या कचेरीचं छत गळलं आणि कपाटातल्या एकुलत्या एका नकाशाचा लगदा झाला. नवा नकाशा वरून यायला वेळ होता. साहेब मोठे कामसू, नकाशावाचून अडून राहणं त्यांना सोसेना. त्यांच्या खुर्चीमागे काकांचं एक मोठं चित्र टांगलेलं होतं, टेकडीवरून दिसणाऱ्या गावाचं. साहेबांनी खुर्ची वळवली, चित्र पाहिलं आणि हुकूम काढला, नवा येईपर्यंत हाच नकाशा समजावा.

झालं! चित्राचा तोल साधायला काकांनी बेकरीचं धुराडं जरा डावीकडे सरकवलं होतं. बेकरीवाल्याला नोटीस आली, धुराडं ताबडतोब जागेवर न्यावं. शिंप्याच्या दुकानावर नदीचा निळा ओघळला होता, म्हणून कचेरीने त्याला होडी घ्यायला लावली. बिचारा रस्त्याच्या कडेला होडीत बसून बटणं लावायचा. सगळे काकांच्या नावाने बोटं मोडत होते आणि काका मनातून खूश होते, कारण त्यांच्या चित्राकडे इतकं बारकाईने आजवर कुणी पाहिलंच नव्हतं.

मग काकांच्याच दारात नोटीस आली. उताराच्या टोकाची मोकळी जागा पाण्याच्या टाकीसाठी घेण्यात येत आहे. उताराच्या टोकाला काकांचं घर होतं. चुना लावलेलं, पांढरंशुभ्र.

काका तडक कचेरीत गेले. "साहेब, तिथे माझं घर आहे!"

साहेबांनी चित्राला नाक लावलं. "कुठे? इथे तर काहीच नाही."

"आहे हो. घर सोडलंय."

"सोडलंय?"

"मीच सोडलंय. चांगला विचार करून सोडलंय."

"मग टाकीला तुमची हरकत कसली?" साहेब म्हणाले, आणि त्यांनी कारकुनाला लिहायला सांगितलं, मालकाने घर स्वखुशीने सोडले आहे.

काका समजावून थकले. जितकं समजावलं तितकं घर जास्तच सुटत गेलं. शेवटी साहेबांनाच दया आली. "अहो, एक पांढरा हात मारा तिथे आणि मोकळे व्हा."

"पांढरा? जीव गेला तरी नाही!"

घरी हे ऐकून काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. "जीव कुठे जातोय? घर जातंय! मी दरवर्षी स्वतःच्या हाताने चुना लावते, आणि तुमच्या चित्रात त्याचा कोरा कागद?"

"अगं, गावात सगळ्यात उजळ तेच आहे, म्हणून तर सोडलं."

"आवडतं ते सोडायचं! कमाल आहे बाई तुमची. पांढरा रंग नसेल तर टूथपेस्ट लावा, पण लावा!"

नियम मोडला तर आजवरचं प्रत्येक चित्र खोटं ठरेल असं काकांना वाटत होतं. आणि घर गेलं तर हिला घेऊन जायचं कुठे, हेही सुचत नव्हतं. त्या दिवशी त्यांना कागदापाशी बसवेना.

दुसऱ्या दिवशी टाकीची माणसं आली. माणसं मोठी सभ्य. पाय पुसून आत आली आणि स्वयंपाकघरातून फीत ताणून मोकळ्या जागेचं माप घेऊ लागली. "काकू, जरा सरकता का? इथे खांब येतोय." काकूंनी तणतणत चहा टाकला, कारण आलेल्याला चहा न विचारणं काही त्यांच्याच्याने होईना. मुकादमाने कप रिकामा केला आणि म्हणाला, "घर नाहीये, पण चहा फक्कड आहे हं."

काकूंचं डोकंच फिरलं. त्या जाऊन दारात उभ्या राहिल्या, दोन्ही हात चौकटीला लावून. "आता फीत बाहेर नेऊन दाखवा!" अंगात जुना जांभळा स्वेटर, केस विस्कटलेले, कपाळावर आठ्या.

काका अंगणाच्या टोकाला ब्रश धूत होते. सवयीने त्यांनी डोळे बारीक केले. दारात ती गडद उभी होती, आणि ती उभी होती म्हणून भोवतीच्या पांढऱ्याची भिंत झाली होती. काकांनी रंगाची डबी उचलली आणि ते अनवाणीच कचेरीकडे पळाले.

चित्र खाली उतरवायला लावून त्यांनी कोऱ्या जागेत जांभळ्याचा एक ठिपका ठेवला, वर केसांपुरता काळा. घाईत ठिपका जरा मोठाच पडला.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"आमची ही."

"कुठे उभी आहे?"

"दारात."

साहेबांनी पुन्हा चित्राला नाक लावलं. "दार आहे म्हणजे भिंत आली. भिंत आली म्हणजे... अहो, इथे तर घर आहे!" मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण तुम्ही तर सोडलं होतंत?"

"घर सोडलं होतं, साहेब. हिला सोडून कसं चालेल?"

साहेबांनी टाकी रद्द केली. काका वळले तर मागे काकू उभ्या. नवरा अनवाणी पळाला म्हणजे अखेर पांढऱ्याला तयार झाला असं समजून त्या टूथपेस्ट घेऊन मागोमाग आल्या होत्या. त्यांनी वाकून चित्र पाहिलं.

"एवढीशी?"

"लांबून बघ."

काकू भिंतीपर्यंत मागे गेल्या. अख्ख्या गावात माणूस म्हणून तेवढा एकच ठिपका होता. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी टूथपेस्टचं झाकण घट्ट लावलं आणि नाक ओढत म्हणाल्या, "चला लवकर. दार उघडंच टाकून आलेय."