मधल्या खिडकीची वहिनी

त्या दुकानात फोटोला फ्रेम करून घ्यायला गेलेल्या माणसाला आधी दिसायचा तो थोरला भाऊ. काउंटरमागे ताठ बसलेला, चष्मा कपाळावर चढवलेला, पाठीमागे भिंतभर नमुन्याच्या पट्ट्यांचे कोपरे टांगलेले. कुणी आजोबांचा फोटो पुढे केला की तो आधी फोटो निरखायचा, मग गिऱ्हाइकाला, आणि गिऱ्हाइकानं हौसेनं निवडलेली सोनेरी नक्षीची पट्टी हळूच बाजूला सारून म्हणायचा, की ही लावलीत तर लोक पट्टीच बघत बसतील, आजोबा राहतील मागे. बाहेरून तयार फ्रेमचा गठ्ठा आला की प्रत्येक फ्रेमच्या चारही कोपऱ्यांवरून अंगठ्याचं नख फिरवायची त्याला सवय होती. वडिलांची सवय. दोन पट्ट्या जिथे मिळतात तिथे नख जराही अडलं, की फ्रेम परत.

धाकटा भाऊ दिसायचा नाही, ऐकू यायचा. दुकानाच्या मागच्या अंगाला कारखाना, मध्ये लाकडी पार्टिशन, आणि पलीकडून करवतीची घरघर, नाहीतर काचेवर कटर फिरल्याची ती दात शिवशिवणारी किरकिर. पार्टिशनला हातभर रुंदीची खिडकी होती, तिला सरकतं झाकण होतं, आणि खिडकीखाली एक टेबल. त्या टेबलाशी वहिनी बसायची.

वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. तिला वहिनी म्हणायचा हक्क खरा एकट्या धाकट्याचा. पण ऐकून ऐकून ती गल्लीची, गिऱ्हाइकांची, पट्ट्या घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याचीही वहिनी झाली होती. एकदा घाईगडबडीत खुद्द तिच्या नवऱ्याच्या तोंडून "अहो वहिनी" निघून गेलं, आणि ती गंमत तिनं वर्षभर पुरवली.

फोटोच्या भोवती जो पांढरा पुठ्ठा असतो, तो कापायचं काम तिचं. मधोमध चौकोन कापायचा, कड तिरपी ठेवायची. एकूण चार काप, आणि प्रत्येक काप कोपऱ्यावर नेमका थांबला पाहिजे. सुरी केसभर पुढे गेली की पुठ्ठा वाया. हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं. दुसरं काम तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या गळ्यात पडलं होतं.

झालं होतं असं, की सासरे गेल्यावर सहा महिन्यांनी धाकट्याच्या हातून पुरुषभर उंचीचा आरसा तडकला. काचेच्या धंद्यात काच फुटायचीच. पण थोरला गिऱ्हाइकासमोर बोलून गेला, की बाबा असते तर ह्याला आरशाला हात लावू दिला नसता. धाकट्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं, आत गेला, आणि दादाशी बोलणं टाकलं. ह्याला अठरा वर्षं झाली. थोरल्याचं म्हणणं, मी मोठा, मी म्हणून आधी बोलू? धाकट्याचं म्हणणं, बोलायचं ते तोच बोलून बसला, आता आधी मी कसा बोलू? वहिनीला दोघांचंही पटायचं. तीच तर अडचण होती.

तेव्हापासून दोघांचं सगळं बोलणं वहिनीच्या टेबलावरून जायचं. थोरला म्हणायचा, सांग त्या दीडशहाण्याला, माणूस दारात ताटकळतोय, राजवाडा बांधतोय का हा? वहिनी मान डोलवायची आणि हातातला पुठ्ठा कापायला घ्यायची. एक काप, दोन, तीन, चार. निरोप पोचवण्याआधी चार काप हा तिनं स्वतःला घालून घेतलेला नियम होता; तेवढ्या वेळात शब्दांतला राग बराचसा खाली बसायचा. मग खिडकीतून पलीकडे जायचं ते एवढंच: "भाऊजी, ती पदवीची फ्रेम होत आली का? थांबलेत बाहेर." पलीकडून उत्तर यायचं, तुमच्या साहेबांना एवढी घाई असेल तर चिकटपट्टीनं लावून द्या म्हणावं. पुन्हा चार काप. "दहा मिनिटं म्हणतायत."

दुकानातले मोठे निर्णयही असेच व्हायचे. दोन पात्यांचं कापायचं यंत्र थोरल्याला हवं होतं आणि धाकट्याला करवत सोडवत नव्हती. वहिनीनं धाकट्याला सांगितलं, दादांच्या मनात यंत्र आहे, पण तुम्हाला पसंत नसेल तर राहू दे म्हणाले. आणि थोरल्याला सांगितलं, भाऊजींचा जीव करवतीत आहे, पण दादा म्हणेल तसं म्हणाले. पंधरा दिवसांत यंत्र आलं, आणि करवतही राहिली. दोघंही आपापल्या मोठ्या मनावर खूश.

एवढ्या निरोपांत एक निरोप मात्र वहिनीला अजून टोचायचा. अकरा वर्षांपूर्वी धाकट्यानं एकदा दुकान सोडून जायचं पक्कं केलं होतं. हत्यारं बांधून झाली होती. तेव्हा वहिनी खिडकीशी वाकून म्हणाली होती, "काल हे म्हणत होते, बाबांच्या मागे कोपरा जुळवावा तर ह्यानंच." मग हत्यारांची गाठ सोडल्याचा आवाज आला. ते वाक्य तिनं अगदीच हवेतून काढलेलं नव्हतं. पण थोरल्याच्या तोंडून ते कधी बाहेर पडलेलंही नव्हतं.

तर अशा ह्या वहिनीचा आवाज बसला. करवतीवरून ओरडून ओरडून घसा खरवडला असेल म्हणून तिनं महिने काढले. धाकट्याची बायको इस्पितळात परिचारिका होती. तिनं एक दिवस जावेला हाताला धरूनच डॉक्टरांकडे नेलं. स्वरयंत्रावर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ निघाली. निरुपद्रवी होती, काढून टाकली. मात्र पुढचे दहा दिवस एक अक्षर बोलायचं नाही. जाऊ नुसतं सांगून थांबली नाही, दोन्ही भावांना समोर बसवून तिनं दम भरला, की कुजबूजसुद्धा चालणार नाही. ताईंच्या तोंडून आवाज निघाला तर आधी तुम्हाला विचारीन.

पहिले तीन दिवस चिठ्ठ्यांवर निभावलं. फ्रेमचं माप, पट्टीचा नंबर, काच साधी की न चमकणारी. दुकान इतकं शांत झालं होतं, की थोरला उगाच खाकरायचा.

चौथ्या दिवशी सकाळी धाकट्यानं खिडकीत तोंड घातलं. फर्निचरच्या मोठ्या दुकानानं त्याला फ्रेमच्या विभागाचा प्रमुख म्हणून बोलावलं होतं. हाताखाली सहा माणसं, भरपूर उजेडाचा कारखाना, आणि लाकूड कुठलं घ्यायचं ते सर्वस्वी त्यानं ठरवायचं. शनिवारपर्यंत होकार द्यायचा होता. हे सगळं तो खाली बघत, भुसा झटकत सांगत होता. शेवटी म्हणाला, "दादाला तुम्हीच सांगा. तुमच्या पद्धतीनं."

वहिनीनं कागद ओढला. भाऊजी चाललेत, असं लिहिलं आणि फाडलं. भाऊजींना दुसरीकडून बोलावणं आलंय, असं लिहिलं, तेही फाडलं. तिसऱ्या कागदावर तिनं मजकूर बराच मऊ केला, तर तो इतका मऊ झाला की त्यात कोण कुठे जातंय हेच कळेना. बोलताना समोरच्याचा चेहरा बघत वाक्य अर्ध्यात वळवता येतं. कागदावर ते जसं पडलं तसं पडून राहतं.

दोन दिवस ती तुकडे कचऱ्यात टाकत राहिली. तोंड बंद असलं की माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो. तिच्या मनात आलं, आपण इथे बसलो नसतो तर हे दोघे अठरा वर्षं असे राहिले असते का? महिन्याभरात एक तर कायमचे वेगळे झाले असते, नाहीतर एकमेकांच्या गळ्यात पडून रडले असते. आपण मधे उशी होऊन राहिलो. लागलं कुणालाच नाही, पण त्यामुळे भेटही झाली नाही. हा विचार तिला मुळीच आवडला नाही, आणि तो जाईनाही.

शुक्रवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वहिनी उठली. खिडकीचं झाकण तिनं पार टोकापर्यंत सरकवलं, आपली खुर्ची उचलली आणि पट्ट्यांच्या ढिगापाशी, कोपऱ्यात जाऊन बसली. थोरल्यानं विचारलं, अगं, तिकडे काय बसलीस? तिनं खिडकीकडे बोट केलं, मग त्याच्याकडे, आणि मग ओठांवर बोट ठेवलं. पलीकडे करवत थांबली.

"काय आहे?" थोरल्यानं हे भिंतीवरच्या घड्याळाला विचारलं.

"मी उद्यापासून येणार नाही. दुसरीकडे काम मिळालंय." धाकट्यानं हे हातातल्या काचेला सांगितलं.

"मग जा की. अडवलंय कुणी?"

हेच वाक्य वहिनीच्या हाती लागलं असतं, तर चार कापांनंतर 'एवढं काय झालं, ते विचारतायत' असं होऊन पलीकडे गेलं असतं. आज ते जसंच्या तसं गेलं. तिची बोटं पदराच्या टोकाशी उगाच सुरी शोधत होती.

"जातोच," धाकटा म्हणाला. आता तो काचेकडे बघत नव्हता. "एकच विचारून जातो. मागे मी निघालो होतो तेव्हा तू वहिनींजवळ म्हणाला होतास, बाबांच्या मागे कोपरा जुळवावा तर ह्यानंच. त्या एका वाक्यावर मी अकरा वर्षं काढली, दादा. मधल्या काळात तुझं मत बदललं का?"

थोरल्यानं मान वळवून बायकोकडे बघितलं. वहिनीचे कान तापले. एरवी ह्या जागी तिनं काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. आज तिच्यापाशी नुसता चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. तिला वाटलं, आता हा हो म्हणाला तरी भाऊजींना ते खोटं वाटणार, आणि नाही म्हणाला तर अकरा वर्षं पाण्यात गेली.

"मी असं कधी म्हणालो नव्हतो," थोरला म्हणाला.

धाकट्यानं खाली बघितलं. "वाटलंच होतं मला."

"थांब. पुढे ये जरा."

पार्टिशनच्या कडेला अरुंद दार होतं. धाकटा सकाळी त्यातून आत जायचा आणि संध्याकाळी बाहेर पडायचा. काउंटरपाशी तो अठरा वर्षांत थांबलेला नव्हता. आता तो येऊन उभा राहिला, केसांत भुसा, हात कुठे ठेवावेत ते न कळून. थोरल्यानं बाहेरून आलेली एक तयार फ्रेम उचलली आणि कोपऱ्यावरून नख ओढलं. टक. मग आज सकाळीच खिडकीतून आलेली फ्रेम उचलली, आणि ती नुसतीच काउंटरवर ठेवली.

"तुझ्या कोपऱ्याला मी कधी नख लावलंय?"

धाकट्यानं त्या फ्रेमकडे बघितलं.

"इतक्या वर्षांत एकदा तरी? तू जसा देतोस तसा कागदात गुंडाळतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात देतो. बाबांचे कोपरेसुद्धा मी चोरून तपासायचो."

"मला कसं दिसणार? मी आत असतो."

"मग आत कशाला मरायला बसतोस?" थोरला म्हणाला. त्यानं कपाळावरचा चष्मा उगाचच डोळ्यांवर ओढला. "आरशाचं मी बोललो ते चुकलं माझं. त्याच दिवशी कळलं होतं."

कोपऱ्यातून वहिनीला एवढंच दिसलं, की धाकट्यानं ती आपली फ्रेम उचलली, स्वतःच्याच कोपऱ्यावरून नख फिरवून बघितलं आणि परत ठेवली.

"लाकूड मी निवडणार," तो म्हणाला. "तू घेतोस त्या ठिसूळ पट्ट्या मी कापणार नाही."

"सगळं लाकूड?"

"सगळं."

"आणि स्वस्तातली फ्रेम मागितली कुणी, तर काय दाखवू? तुझं तोंड?"

त्यावरून जी जुंपली ती दुकान बंद होईपर्यंत. शनिवारी धाकट्यानं फर्निचरच्या दुकानाला नकार कळवला, आणि सोमवारी दोघे मिळून लाकडाच्या वखारीत गेले. येताना भांडतच आले.

पुढचे दिवस वहिनीला घशापेक्षा कानांनी जास्त छळलं. हा सरळ गाढव म्हणायचा, तो सरळ म्हणायचा की दादा, तुला रंगातलं ओ की ठो कळत नाही. ती कोपऱ्यात बसून प्रत्येक वाक्य मनातल्या मनात धुऊन, पिळून, वाळत घालायची. तोवर पलीकडून उत्तर येऊनही गेलेलं असायचं. आणि गाढव म्हटल्यानं कुठे काही कोसळत नव्हतं. तिला हायसं वाटायचं, आणि थोडा रागही यायचा. एवढी वर्षं मग आपण घसा कशासाठी फोडला?

अकराव्या दिवशी जावेनं तिला समोर बसवून हळूच 'आ' म्हणायला लावलं. आवाज आला, जरा जाडसर, पण आला. वहिनी दुकानात जाऊन आपल्या टेबलाशी बसली. थोरल्यानं सवयीनं मान वळवली, "सांग त्याला," एवढं म्हणाला, थांबला, आणि खिडकीत तोंड घालून स्वतःच ओरडला.

दुपारी तो जेवायला घरी गेला तसा धाकटा खिडकीशी आला. थोडा वेळ झाकणाच्या खाचेतला भुसा नखानं काढत राहिला.

"वहिनी, ते वाक्य तुमचं होतं ना?"

"शब्द माझे होते, भाऊजी," ती म्हणाली.

तो हसला. मग जरा वेळानं म्हणाला, "एक विचारू? मीही दादाबद्दल कधी काही चांगलं म्हणालो होतो का?"

वहिनीनं सुरी पुठ्ठ्यावर टेकवली. "पुष्कळदा."

"काय काय?"

तिनं एक काप घेतला, दुसरा घेतला. चौथा काप कोपऱ्यावर नेमका थांबल्यावर तिनं मधला चौकोन बोटानं अलगद ढकलून बाहेर काढला.

"बसा," ती म्हणाली. "एका चहात संपणारं नाही ते."