दर सोमवारी मुलांचे डॉक्टर

भोंगेकाकांचं घरात कुणी ऐकत नसे, हे सगळ्या उत्तर भागाला ठाऊक होतं. काकू तर उघड म्हणायच्या, की या माणसाने बाहेर बोलून बोलून घरात बोलण्यासारखं काही शिल्लकच ठेवलं नाही. काका साधा चहा मागायचे तोही अशा आवाजात, की शेजारीण दार उघडून बघायची, पाणी आलं की काय.

बाहेर मात्र लोक त्यांचा शब्द खाली पडू देत नसत. नदीपलीकडच्या चढावर विखुरलेल्या वस्त्या म्हणजे उत्तर भाग. तिथे वर्तमानपत्र पोचायचं दुपारी, मोबाईलला रेंज मिळायची गच्चीच्या एका कोपऱ्यात आणि ऑफिसातला माणूस दिसायचा तो चुकून. नगरपालिकेचं काहीही असो, ते कळायचं काकांच्या भोंग्यातून. लस शाळेत आहे, पूल बंद आहे, पाणी उद्या उशिरा. नगरपालिकेतून निवृत्त झाले तरी कामाला बोलावणं त्यांनाच यायचं, कारण दुसऱ्या कुणाच्या आवाजाला लोक दारात येत नसत. काकांचं ऐकून बाहेर पडलेलं माणूस आजवर हात हलवत परत गेलं नव्हतं. काकांच्या नावावर ना शेत होतं ना दुकान. होती ती एवढीच मिळकत, आणि तिचा त्यांना भारी तोरा होता.

त्यांची एक खोड होती. ऑफिसचा कागद नेहमी अर्धवट असायचा. काय आणि कुठे ते लिहिलेलं, पण माणसाने येताना काय करावं याचा पत्ता नाही. मग काका पदरचं जोडायचे. लस असली की 'मुलांना उपाशी आणू नये', पाणी असलं की 'मोठी भांडी आधी भरावीत'. लोक वरचं ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि या शेपटासाठी कान टवकारायचे.

अशात निवडणूक आली आणि काकांचा भोंगा एका उमेदवाराने भाड्याने घेतला. माणूस वकील, वयाने तरुण, स्वभावाने अगदी गरीब. खोटं बोलायचा नाही, हा राजकारणात त्याचा मोठाच दोष होता. उत्तर भागाच्या विकासाचा जाडजूड आराखडा त्याने स्वतः बसून लिहिला होता. रस्ता, संध्याकाळची बस, कॉलेज, दवाखाना, सगळं त्यात होतं. एकच गंमत होती. उत्तर भागाचा एवढा अभ्यास केलेले साहेब उत्तर भागात पहिल्यांदाच येत होते. पहिल्याच चढाला त्यांना गाडी लागली.

आराखड्याची भाषा तर विचारू नका. 'बालआरोग्य सेवांचे सक्षमीकरण करून तज्ज्ञ वैद्यकीय उपस्थिती साप्ताहिक तत्त्वावर सुनिश्चित करणे.' काकांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, साहेब, हे भोंग्यातून गेलं तर भोंगा बसेल. मग त्यांनी आपल्या पद्धतीने सांगितलं: उत्तर भागाच्या दवाखान्यात दर सोमवारी मुलांचे डॉक्टर. साहेब खूश. इतक्या थोडक्यात आपल्याला काय म्हणायचं होतं, ते त्यांनाही आत्ताच कळलं होतं.

शनिवार-रविवार गाडी वस्त्यावस्त्यांतून फिरली. रस्ता झाला, बस झाली, कॉलेज झालं. दवाखान्यापाशी मात्र काकांची जीभ सवयीच्या वाटेने निघाली. 'दर सोमवारी मुलांचे डॉक्टर. येताना मुलांचे जुने कागद आणावेत. मुलांना उपाशी आणू नये.' जांभई यावी तसं ते आपोआप यायचं, त्यामुळे काकांच्या ते लक्षातही आलं नाही. साहेब खिडकीतून हात हलवण्यात गुंतले होते.

सोमवारी सकाळी दवाखान्यासमोर साहेबांचं भाषण होतं. मागे ओस दवाखाना आणि पुढे साहेब, असा फोटो काढायचा बेत होता. दवाखान्याला इमारत होती, रंग होता, उद्घाटनाच्या पाट्याही एकीला दोन होत्या. आत एक नर्सबाई आणि पुष्कळ खुर्च्या. गाडी वळणावर आली तेव्हा समोर ही गर्दी. साहेबांचा ऊर भरून आला. सभेला इतके लोक त्यांच्या सासरचे धरूनही कधी जमले नव्हते.

काकांनी मात्र गर्दीकडे नीट बघितलं. कुणाच्या हातात झेंडा नव्हता. जो तो कडेवर मूल आणि हातात कागदांची पिशवी घेऊन उभा होता. दारात नर्सबाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या. आणि सगळ्यांच्या पुढे, पायरीवर, नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या खुद्द काकू.

लेक-जावई कामासाठी दूर, म्हणून नात आजी-आजोबांकडे होती. वर्षभर तिची छाती वाजत होती. शहरातल्या डॉक्टरांना दाखवायचं तर दोन बस बदलाव्या लागत, आणि मागच्या वेळी एवढं करून डॉक्टर रजेवर निघाले होते. काका गाडीतून जवळजवळ उडी मारून उतरले आणि तू इथे कशी, म्हणून त्यांनी काकूंना विचारलं.

"कशी म्हणजे? तुम्हीच सांगितलंत ना," काकू म्हणाल्या. "कागद आणलेत. दूधही पाजलंय."

"अगं, मला घरी विचारायचंस तरी."

"घरी काय विचारायचं? भोंग्यातून आलं होतं."

संसारभर ज्या बाईने त्यांचं एक अक्षर मनावर घेतलं नव्हतं, ती पहाटे उठून, पोरीची वेणी घालून, चढ चढून आली होती, ती त्यांच्या शब्दावर. काकांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिकडे साहेबांनी भाषण सुरू केलं. दर सोमवारी मुलांचे डॉक्टर, असं म्हणताच लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या एका बाईने विचारलं, कुठल्या खोलीत बसलेत? साहेब हसून म्हणाले, निवडून आल्यावर येतील.

साहेबांवर कुणी चिडलं नाही. उमेदवाराकडून तिथे कुणाची काही अपेक्षाच नव्हती, मग रागावणार कशाला? सगळ्यांनी वळून बघितलं ते काकांकडे. दोन शिव्या हासडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

साहेब कानाशी येऊन पुटपुटले, "काका, सांभाळून घ्या. लवकरच येणार आहेत म्हणा."

काकांनी माईक घेतला. "आज डॉक्टर नाहीत," ते म्हणाले. "पुढच्या सोमवारीही नाहीत. साहेबांच्या मनात आहे, पण अजून काही झालेलं नाही. मी ते सूचनेसारखं सांगितलं. चूक माझी आहे." शेपूट जोडायला तोंड उघडलं, पण जोडायला काही नव्हतं. ते तसंच मिटलं.

लांबच्या वस्त्यांवरची माणसं अजून चढावर होती. काका गाडीत जाऊन बसले. काकूही नातीला घेऊन, कुणी न विचारता, मागे बसल्या. गाडी प्रचाराची, भाडं साहेबांचं, पण ते आठवायला कुणाला सवड नव्हती. साहेब पायरीवर एकटे राहिले. परतीची बस कधी आहे, असं त्यांनी नर्सबाईंना विचारलं.

"संध्याकाळची आहे," नर्सबाई म्हणाल्या. "तुमच्या आराखड्यात."

काका वाटेवर सांगत चालले, डॉक्टर नाहीत, परत फिरा. जो भेटेल त्याला गाडीत घेत होते. शेवटच्या वळणावर एक म्हातारी नातवाला पाठीशी बांधून धापा टाकत येताना दिसली. काकांनी भोंगा बंद केला, खाली उतरले आणि तिला साध्या आवाजात सगळं सांगितलं. आपलं चुकलं, हेही सांगितलं.

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. मग कधी येणार, असं तिने विचारलं.

"माहीत नाही, आजी."

म्हातारीने गाडीत डोकावून बघितलं. काकूंच्या मांडीवर पोर झोपली होती, आणि तिची छाती बाहेरपर्यंत ऐकू येत होती.

"ही तुमचीच का?" म्हातारी म्हणाली. "मग असं करा. डॉक्टर आले की आधी हिला दाखवून आणा. ही बरी झालेली दिसली, की आम्ही येऊ. भोंगा नाही लावलात तरी चालेल."

काकू आत सरकल्या आणि त्यांनी म्हातारीला शेजारी जागा करून दिली.